डाव्या अंगाला पडलेली सुई

रत्नागिरीत माईक हातात धरून बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. माईक नसतानाही तसंच बोलणारा बहुधा मी एकटाच. लग्नाच्या स्वागतसमारंभापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत जिथे कुणी उभं करेल तिथे मी उभा राहतो आणि लोक जेवायला उठेपर्यंत खाली बसत नाही. बायकोचं म्हणणं असं की, माझ्या पोटात अन्न टिकतं पण गोष्ट टिकत नाही. खरं आहे ते. बाजारात घडलेला प्रसंग घरी पोचेपर्यंत मी वाटेत तिघांना सांगितलेला असतो, आणि दर वेळी तो थोडा अंगाने भरलेला असतो.

अशा माणसाच्या हाती आयुष्यातली सगळ्यात नामी गोष्ट लागावी आणि ती दोन महिने कुणापुढे उच्चारता येऊ नये, ही काय थट्टा आहे? पण कारणच तसं होतं. ती गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली, तर माझ्या आत्येच्या पाठीतली आग परत पेटेल अशी मला भीती होती.

आत्ये म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. लांज्यापासून आत, जिथे एसटी दिवसातून दोनदा येते आणि त्यातल्या एकदाच वेळेवर येते, त्या आमच्या गावात ती एकटी राहते. उमेदीची वर्षं तिने काजूच्या कारखान्यात बिया फोडण्यात घालवली. टरफलातलं तेल लागलं की कातडी भाजून निघते, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं अजून काळपट आहेत. भाजणं म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको.

गेल्या दिवाळीनंतर तिला नागीण झाली. डाव्या खांद्याच्या खालून निघून बरगडीकडे वळणारा फोडांचा पट्टा. गावात एकाने गेरूचा लेप लावला, दुसऱ्याने मंत्र घातला, आणि तिसऱ्या शहाण्याने सांगितलं की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपतो. ते ऐकून आत्येने मला फोन केला. “किती जुळायची ऱ्हायलीय, ये आणि मोज,” म्हणाली. मी गेलो, मोजलं, आणि तिला गाडीत घालून रत्नागिरीला आणलं.

फोड तीन आठवड्यांत सुकले. खपल्या पडल्या, फिकट डाग तेवढे राहिले. आग मात्र गेली नाही. तिला पोलकं घालवेना. वडिलांच्या जुन्या धोतराचा मऊसूत तुकडा खांद्यावरून घेऊन ती स्टुलावर ताठ बसायची, कारण खुर्चीला पाठ टेकवता येत नव्हती. पंख्याचा वाराही लागायचा. “काजूचं तेल उडलंय,” ती म्हणायची, “आणि पुसायला गेलं तर हाताला काय लागत नाय.” मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी तिला गरगरायचं, म्हणून मात्रा वाढवता येईना. हळूहळू तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने आम्हाला शिव्या देणं थांबवलं. मला दिवसातून चार वेळा ‘मेल्या’ म्हणणारी बाई ‘अहो’ म्हणू लागते की काय, इतकी ती परकी झाली.

कुणीतरी सुयांचं सुचवलं. ॲक्युपंक्चर. मी हसलो, आणि हसून थांबलो नाही. जेवताना साळिंदराची नक्कल करून दाखवली. आत्येने नक्कल संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, “झालं? मग कधी जायचं?”

मांडवीच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तो दवाखाना. एक लांबट खोली, पडदे लावून तिच्या चार खोल्या केलेल्या, प्रत्येकीत एक खाट. डॉक्टरीणबाई मूळच्या कोल्हापूरच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. आधी साधी डॉक्टरकी, मग सुया शिकलेल्या. स्वभावाने सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि मी जादू करत नाही.”

“मग काय करतेस बाय?” आत्येने विचारलं.

बाईंनी समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या होतात, बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो मज्जातंतूच्या मुळाशी निजून राहतो. म्हातारपणी अंगातली ताकद उतरली की जागा होतो आणि त्या एका तंतूची वाट धरून कातडीवर येतो. तंतू पाठीच्या मध्यापर्यंतच असतो, म्हणून नागीण सहसा एकाच अंगाला राहते. तोंड आणि शेपूट जुळायचा प्रश्नच नाही. फोड बरे झाले तरी जखमी झालेला तंतू खोटे निरोप पाठवत राहतो आणि मेंदू ते खरे मानतो.

आत्ये विचारात पडली. “म्हणजे कारखाना बंद झाला, पण भोंगा वाजतोच हाय.”

मला वाटतं, बाईंनी ते वाक्य मनात टिपून ठेवलं. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “आता सुईचं ऐका. सुई टोचली की दुसऱ्या तंतूंवरून दुसरा निरोप निघतो. दोन्ही निरोप कण्यातल्या एकाच दारातून आत जायला बघतात. सुईचा पुढं घुसला तर दुखण्याचा मागं राहतो. शिवाय मेंदू स्वतः वेदना मारणारी द्रव्यं सोडतो. अफूच्या जातीची, पण घरच्या घरी तयार केलेली.”

“हातभट्टी,” मी म्हणालो.

दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

पहिल्या तीन खेपांना काही फरक पडला नाही. सुया केसासारख्या बारीक. काही कण्याच्या दोन्ही बाजूंना, काही दुखऱ्या पट्ट्याच्या कडेने, दोन हाताला, दोन पायाला. बाई प्रत्येक सुईला विचारायच्या, “काय वाटतंय? जड? मुंग्या? पसरतंय?” आणि आत्ये उशीत तोंड खुपसून अगदी चोख उत्तरं द्यायची. “ही जड. ही गार. हिनं पोटरीत कायतरी चाललं, मुंगळ्यावानी.” बाई खूश व्हायच्या, असं जाणवणं चांगलं, म्हणायच्या. पण घरी आलं की पुन्हा ते धोतराचं फडकं आणि ते स्टूल.

चौथ्या खेपेला जाताना रिक्षात आत्ये म्हणाली, “आज शेवटचं. आज काय ते ठरवते. नायतर मला गावाला सोड. तिथं गप पडून राहीन. किती दिवस लागतील तेवढे लागतील.”

‘किती दिवस लागतील’ याचा अर्थ मला कळला. रिक्षावाल्यालाही कळला असावा, कारण त्याने गाणं बंद केलं.

त्या दिवशी बाईंनी सुया लावल्या आणि त्या पलीकडच्या खाटेकडे गेल्या. आत्ये पालथी, तोंड उशीच्या भोकात. मी शेजारी स्टुलावर. जरा वेळाने ती बोलू लागली. आधी मला वाटलं माझ्याशी. मग सूर ओळखीचा वाटला आणि माझ्या अंगावर काटा आला. ती गाऱ्हाणं घालत होती!

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे देवाला काही सांगायचं तर ते खड्या आवाजात, जमलेल्या माणसांसमोर सांगतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक होकार भरतात. देवाला काही विचारायचं तर कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गावात विहीर कुठे खणायची इथपासून मुलगी कुठे द्यायची इथपर्यंत लोक असं विचारत आलेत.

“बा देवा म्हाराजा,” आत्ये उशीतून म्हणाली, “आज ही तुझी लेक परक्या गावात पालथी पडली हाय…”

“व्हय म्हाराजा!” पलीकडच्या पडद्यामागून आवाज आला.

मी दचकलो. तिथे एक म्हातारा तांडेल होता. उभा जन्म होड्या हाकलेला माणूस, खांदा आखडला म्हणून सुया लावून पडलेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गाऱ्हाण्याचा सूर कानात शिरला आणि तोंडून होकार निघाला. गुडघ्याखाली ठोकलं की पाय उडतो, तसा. त्याच्या मेंदूला विचारायलाही कुणी गेलं नसेल.

आत्येला जोर चढला. “तिच्या पाठीत जी काय आग बसली हाय, ती काय सोडीत नाय…”

“व्हय म्हाराजा!” आता तिसऱ्या पडद्यामागची एक बाईही सामील झाली.

“तर म्हाराजा, अंगावर सुया हायत. त्यातली जी पडंल तिचा कौल मानीन. उजवी पडली तर हितं ऱ्हाऊन इलाज करीन. डावी पडली तर उठून गावाला जाईन आणि परत कुणाला तरास देणार नाय…”

“व्हय म्हाराजा!!” असा गजर झाला की खिडकीवरचं कबूतर उडालं. पडद्याच्या फटीतून दिसलं, डॉक्टरीणबाई हातात सुई घेऊन जागच्या जागी थिजल्या होत्या. कोल्हापूरच्या माणसाला हे नवीन. आणि मी, मेळाव्यांमध्ये शंभर लोकांना टाळ्या वाजवायला लावणारा मी, कोपऱ्यात बसून बघत होतो, एक म्हातारी पालथी पडून, अंगात वीस सुया घेऊन, अख्खा दवाखाना कसा हलवते आहे ते. मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

मग तिने मोठा श्वास घेतला. कण्याजवळची एक सुई, अगदी वरवर लावलेली, डुलली, कलली आणि चादरीवर पडली.

डावीकडे.

“पडली काय रे?” आत्येने विचारलं.

“पडली.”

“कुठली?”

तेवढ्या वेळात मी फार विचार केला असं सांगायला मला आवडेल. केला नाही. माझ्या डोळ्यांपुढे गावचं ते घर, अर्धी भाकरी आणि ताठ बसलेली पाठ आली, आणि तोंड आपोआप उघडलं.

“उजवी.”

तांडेलाने पडद्याआडून “शाब्बास!” म्हटलं. कुणाला म्हटलं, देवाला की सुईला, कोण जाणे. बाई आत आल्या. त्या सुया काढताना मोजून काढतात. एक कमी भरली, तेव्हा त्यांनी चादरीवर पाहिलं. ती कुठे पडली आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी सुई उचलून डब्यात टाकली आणि आत्येला उठायला सांगितलं.

त्या दिवशी आत्येने दीड भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुशीवर झोपली. आठवड्याने मला हाक आली, “मेल्या, माझं पोलकं कुठं ठेवलंय तुझ्या बायकोनं?” आणि मी स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना पाणी प्यायलो. ती उपचाराला जातच राहिली, आठवड्यातून दोनदा. महिन्याभरात पाठ खुर्चीला टेकली. आग विझली असं ती म्हणायची नाही; राख झाली, म्हणायची.

आता माझी अवस्था ऐका. रोज संध्याकाळी नाक्यावर मित्र जमतात. कुणी विचारायचं, “आत्येला बरं वाटतंय म्हणे?” आणि माझ्या घशाशी सगळं यायचं. गाऱ्हाणं, तांडेल, उडालेलं कबूतर. मी म्हणायचो, “हो, बरं आहे.” एवढंच. मित्रांना वाटलं माझी तब्येत बिघडली आहे.

असे दोन महिने गेले. मग आत्येने जाहीर केलं की आता गावाला जायचं, देवाला नारळ द्यायचा, आणि मी बरोबर यायचं. “तू साक्षीदार. सुई उजवी पडली हे तुझ्या तोंडानं चार माणसांत सांगायचं.”

मी देवाला फार मानतो असं नाही. पण आमच्या गावचा तो काळ्या दगडाचा देव, त्याच्यासमोर उभं राहून थाप मारायची? कापडी पडद्याआड मारली ती वेगळी. मी तडक दवाखान्यात गेलो आणि बाईंना म्हटलं, “तिला खरं सांगितलं तर दुखणं परत येईल का?”

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे सुयांनी बरं वाटलं, की माझ्या थापेनं?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे फक्त तुमच्या आत्येचं नाही. जगभर भांडण चाललंय याच्यावर. खोट्या सुया घेऊन प्रयोग करतात. टोक नुसतं टेकतं, आत जातच नाही. त्यांनीही पुष्कळांना बरं वाटतं. खऱ्यांनी थोडं जास्त वाटतं, असं काही जण म्हणतात. काही म्हणतात, फार फरक नाही.”

“मग तुम्ही काय टोचता?”

“खरी सुई. तिच्याबरोबर माणसाचा भरवसाही आत जातो. दोन्ही वेगळे काढून दाखवायचं यंत्र माझ्याकडं नाही. आणि भरवसा म्हणजे काही हवा नव्हे हो. बरं वाटणार अशी खात्री पटली की मेंदू तीच द्रव्यं सोडतो. वाट तीच, दार तेच. म्हणून ‘नुसतं मनाचं आहे’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मन काय खुंटीला टांगलेलं असतं?”

“आणि खात्री मोडली तर?”

“तर कदाचित काहीच होणार नाही. तंतूही निवला असेल, वेळ गेलाय. कदाचित भीती बसेल. भीतीनं दुखणं वाढतं, हे मी रोज बघते.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “मी सुई बघितली आणि गप्प बसले. तेव्हा मला सल्ला विचारू नका. फक्त, सांगणार असाल तर कशासाठी सांगताय ते आधी ठरवा. त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?”

जिना उतरताना मी त्या प्रश्नावर पुष्कळ रागावलो. त्याचं उत्तर मला आवडणारं नव्हतं. देवाची भीती होतीच, आत्येला फसवल्याची बोचही होती. पण या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, गोष्ट सांगायला आसुसलेला तो माईकवाला बसला होता. आणि त्याच्यासाठी मी एका म्हातारीची झोप पणाला लावायला निघालो होतो. तो कुठे संपतो आणि प्रामाणिकपणा कुठे सुरू होतो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तरी मी सांगितलं. लांज्याच्या एसटी स्टँडवर. गावच्या गाडीला अर्धा तास होता, चहाचे ग्लास हातात होते, नारळाची पिशवी आत्येच्या मांडीवर.

“आत्ये, ती सुई डावीकडे पडली होती.”

ती चहा पीत राहिली. ग्लास संपवला, खाली ठेवला. मग तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: “कुणाकुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

“खोटं.”

“शपथ. एक ती डॉक्टरीणबाई, तिने डोळ्यांनीच पाहिलं होतं.”

“दोन म्हयने? तुझ्या पोटात?” तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मग देव हाय म्हणायचा.”

मला हसू फुटलं. ते फुटायला नको होतं. तिचा चेहरा बदलला.

“मी तुला इचारलं होतं काय? मी त्याला इचारलं होतं. त्याचं उत्तर तू कशाला दिलंस?”

“तू निघून गेली असतीस. जेवण सोडून पडून राहिली असतीस.”

“गेले असते. माझं मी बघितलं असतं. मी काय कुकुलं बाळ हाय?”

गाडी आली. ती माझ्या पुढे चढली, खिडकीशी बसली, आणि सीटला पाठ टेकवण्याआधी क्षणभर थांबली. मी श्वास रोखून बघत होतो. तिने पाठ टेकवली. डोळे मिटले. भुवया आखडल्या की उन्हाने तसं वाटलं, मला कळलं नाही. गाव येईपर्यंत तिने नारळाची पिशवी मला धरू दिली नाही.

देवळात गुरव वाट बघत होता. माझ्याहून वयाने लहान, टी-शर्टावर उपरणं घेतलेला. आणखी चार-पाच माणसं होती. त्याने नारळ हातात घेतला आणि सुरुवात करणार, तोच आत्ये म्हणाली, “थांब. कौल डावा होता.”

“आँ? फोनवर तर उजवा म्हणालीस.”

“डावा होता. आणि बरं वाटलं. कसं काय ते त्याला इचार.”

गुरव घाबरला. “आत्ये, असं देवाला जाब विचारल्यासारखं नाय विचारता येत.”

“मग सर बाजूला.” आणि ती स्वतःच पुढे होऊन उभी राहिली. “बा देवा म्हाराजा! तू नको म्हणालास. ह्या माझ्या भाच्यानं मधी तोंड घातलं. त्या बायनं सुया मारल्या. आणि मी दोन म्हयने सुखानं झोपले. आता ती झोप तू दिलीस, बायनं दिली, का ह्याच्या थापेनं दिली, ते तुझं तू बघ. नारळ तिघांचा समजून घे.”

असल्या गाऱ्हाण्याला हो म्हणायचं की नाही? मग गुरवानेच हळू आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा,” आणि बाकीच्यांनीही म्हटलं. मीही.

“पुन्हा कौल लावू काय?” गुरवाने विचारलं. “मन साफ होईल.”

“नको,” आत्ये म्हणाली. “इचारलं की उत्तर येतं.”

आम्ही रत्नागिरीला परतलो. पहिला दिवस ठीक गेला. दुसरा ठीक गेला. मी कामावरून येऊन आधी तिच्या पाठीकडे बघायचो, पाठ खुर्चीला आहे की नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. ती पलंगावर बसली होती, पोलक्याचा खांदा उतरवलेला.

“आली,” ती म्हणाली.

“किती?”

“बोटभर. आधी हातभर होती.”

मी केलं हे. की त्या दिवशीच्या एसटीच्या धक्क्यांनी केलं? की हवा बदलली म्हणून? जखमी तंतू अधूनमधून पेटतोच, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण मेंदू असले बारकावे मानत नाही. निदान माझा मानला नाही. मी म्हटलं, “आत्ये, चुकलो.”

“चुकलास. कुठं चुकलास, तेवढं मात्र इचारू नको, मला नाय ठाऊक.” तिने पोलकं वर घेतलं. तोंड वाकडं करून, पण घेतलं. “चल दवाखान्यात. ह्या वेळी तू भायर बसायचंस.”

म्हणून त्या दिवशी मी जिन्याच्या पायरीवर बसलो. आतून बाईंचा आवाज येत होता, “जड वाटतं? पसरतंय?” आत्येची उत्तरं मात्र ऐकू येत नव्हती. ती मुद्दाम हळू बोलत होती. गाऱ्हाणं नाही, होकार नाही. सुया आणि ती. मला पहिल्यांदाच वाटलं की इथे भरवसा नाही, कौल नाही, माझी थापही नाही. आता जे उरेल ते सुईचं. मग लगेच वाटलं, कुठलं काय! ती स्वतःच्या पायांनी चालून आली, तोच केवढा भरवसा.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, “कसं वाटतंय?”

“कुणाला?”

“तुला. पाठ कशी आहे?”

“पाठ माझी हाय.”

“अगं, पण फरक पडला का?”

“तुला सांगितलं की उद्या मच्छीमार्केटात कळंल.”

ती आणखी महिनाभर जात राहिली, आणि दर वेळी मी पायरीवर. मग बाईंनी खेपा महिन्यातून एकीवर आणल्या, गोळीची मात्राही मोठ्या डॉक्टरांनी कमी केली, आणि आत्ये पोलकं घालून, पिशवी डाव्या खांद्याला न लावता उजव्याला लावून, गावाला परत गेली. बाईंना मी दोनदा खोदून विचारलं. “पेशंटचं दुखणं मी बाहेर सांगत नाही,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

हे लिहिण्याआधी मी आत्येची परवानगी घेतली. “लिही,” ती म्हणाली, “पण शेवट तुला ठाऊक नाय, मग काय लिवणार?”

खरं आहे. मी दर रविवारी फोन करतो. ती शेजारणीच्या म्हशीपासून ग्रामपंचायतीच्या नळापर्यंत सगळं सांगते, मला चारदा मेल्या म्हणते. मधेच, संधी बघून, मी आवाज उतरवून विचारतो, “आणि ते? बोटभर आहे अजून, की गेलं?”

ती विचारते, “तू जेवलास काय?”